बीचवर टिकणारा मेकअप कसा निवडायचा? कोकण-गोवा ट्रिपसाठी सविस्तर गाईड

कोकणात किंवा गोव्याला जायचं ठरलं की कपड्यांची यादी लगेच तयार होते, मेकअपचं मात्र घरात जे आहे तेच पाऊचमध्ये कोंबून आपण निघतो, आणि मग पुण्यात किंवा नाशकात दिवसभर छान बसणारं फाउंडेशन तारकर्लीत सकाळी अकरा वाजताच नाकाच्या कडेला गोळा झालेलं दिसतं. ह्याचं कारण नुसतं ऊन नाही, दमटपणा आहे. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर पारा 33-34 च्या आसपासच असतो, विदर्भातल्या उन्हाळ्यापुढे ते काहीच नाही, पण हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, तो तसाच चेहऱ्यावर बसून राहतो आणि मेकअप खालून सुटायला लागतो. वर खारा वारा, वाळू आणि तासातासाला पाण्यात जाणं.

मी बीचसाठी काहीही घेताना एकच गोष्ट बघते: ह्याच्यावरून दोन तासांनी परत सनस्क्रीन लावता येईल का? येत असेल तर ती वस्तू पाऊचमध्ये, नाहीतर घरी. कारण किनाऱ्यावर सनस्क्रीन परत परत लावावंच लागतं, आणि ज्या मेकअपमुळे ते लावायचं टाळलं जातं तो कितीही सुंदर दिसला तरी तिथे उपयोगाचा नाही. खालचं सगळं ह्याच हिशोबाने लिहिलंय.

पहिली स्टेप: दिवस कसा जाणार ते ठरवा

मालवणला स्नॉर्कलिंग करायचंय, की गणपतीपुळ्याला देवदर्शन करून संध्याकाळी नुसतं वाळूत फिरायचंय, की गोव्यात कुणाचं तरी बीचवर लग्न आहे? तिन्हीचा मेकअप वेगळा. पाण्यात जायचा दिवस असेल तर सनस्क्रीन आणि लिप बाम एवढंच, खरंच एवढंच. फिरायचा दिवस असेल तर हलका बेस, म्हणजे चेहऱ्याचा रंग एकसारखा करणारा पहिला थर, काजळ, आणि ओठ-गालांना टिंट, म्हणजे पातळ रंग. आणि पूर्ण मेकअप करायचाच असेल तर तो ऊन उतरल्यावर, पाचनंतर, आधीचं सगळं धुवून नव्याने करायचा, सकाळच्या थरावर थर चढवायचा नाही.

दुसरी स्टेप: निघायच्या आठवडाभर आधी

रेटिनॉल, ग्लायकोलिक ॲसिडवालं सिरम असलं काही लावत असाल तर निघायच्या चार-पाच दिवस आधी थांबवा आणि ट्रिपभर लावू नका, ह्यांनी स्किन उन्हाला नाजूक होते. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच, फेशियल हेही आदल्या दिवशी नको, निदान तीन दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर ताज्या वॅक्सवर खारं पाणी लागलं की काय आग होते ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. आणि नवीन प्रॉडक्ट पहिल्यांदा ट्रिपवर उघडायचं नाही, आठवडाभर आधी कानामागे लावून बघा.

तिसरी स्टेप: सनस्क्रीन, म्हणजे खरा बेस

इथे वेळ द्या आणि पैसेही इथेच घाला.

एसपीएफ हा आकडा फक्त यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो, म्हणजे जे आपल्याला भाजतात. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के अडवतं आणि 50 साधारण 98 टक्के, त्यामुळे 100 च्या मागे धावायची गरज नाही, 50 पुरे. यूव्हीएसाठी ट्यूबवरच्या PA ह्या अक्षरांपुढची प्लसची चिन्हं बघायची, तीन किंवा चार असलेलं घ्या, कारण टॅन, वांग आणि सुरकुत्यांचा बराचसा भाग यूव्हीएकडे जातो. आणि हे गाडीच्या बाजूच्या काचेतूनही येतं, त्यामुळे मुंबई-गोवा हायवेवर खिडकीशी बसणारीने घरूनच लावून निघायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे वॉटर रेझिस्टंट लिहिलंय का. परदेशी ट्यूबवर पुढे 40 किंवा 80 मिनिटं असं लिहिलेलं असतं, तेवढा वेळ पाण्यात ते टिकतं असा त्याचा अर्थ. पण टॉवेलने खसाखसा पुसलं की ते गेलंच, मग मिनिटं मोजण्यात अर्थ नाही, पुसून झालं की परत लावायचं. शंभर टक्के वॉटरप्रूफ सनस्क्रीन असं काही नसतं. अमेरिकेत तर सनस्क्रीनवर वॉटरप्रूफ हा शब्द छापायलाच परवानगी नाही.

आता प्रमाण. लॅबमध्ये एसपीएफ मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम लावून, आणि आपण बहुतेक जणी त्याच्या निम्मंही लावत नाही. सोपा उपाय म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला. कान, मानेची मागची बाजू, भांग आणि पायाची वरची बाजू ह्या जागा हमखास राहतात, त्यांना वेगळं घ्या. म्हणजे दिवसातून चारदा लावलं तर चेहऱ्याचंच पाच ग्रॅम जातं, चार दिवसांचे वीस ग्रॅम, तेव्हा 50 ग्रॅमची ट्यूब एकीच्या चेहऱ्याला निवांत पुरते. पण पूर्ण अंगाला एका वेळी साधारण 30 मिली लागतं, त्यामुळे हातापायांसाठी मोठी बाटली वेगळीच हवी, आणि तीच छोटी ट्यूब नवरा, मुलं, सासूबाई सगळ्यांनी अंगालाही लावली तर ती पहिल्याच दिवशी संपणार.

छत्रीखाली बसलोय म्हणून लावायचं नाही असंही नको. कोरडी वाळू साधारण 15 टक्के आणि समुद्राचा फेस साधारण 25 टक्के यूव्ही उलट फेकतो, म्हणजे खालूनही ऊन लागतं. ढगाळ दिवसाचंही तेच.

ज्यांना वांग आहे किंवा पटकन काळे डाग पडतात त्यांनी रंग असलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगते. आपल्या गव्हाळ-सावळ्या स्किनवर नुसत्या यूव्हीनेच नाही तर दिसणाऱ्या उजेडानेही डाग गडद होतात, आणि तो अडवायचं काम टिंटमधलं आयर्न ऑक्साइड करतं. रंगहीन सनस्क्रीन ते फारसं करत नाही. शिवाय काही सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडमुळे येणारा पांढरट थरही टिंटमुळे दिसत नाही आणि फाउंडेशनची गरजच उरत नाही. एका ट्यूबमध्ये दोन कामं झाली.

चौथी स्टेप: बेस

टिंटेड सनस्क्रीन असेल तर इथे थांबा. तरी काही हवंच असेल तर पातळ स्किन टिंट किंवा बीबी क्रीम, आणि तेही फक्त जिथे डाग आहे तिथे. डार्क सर्कल्ससाठी आधी पीच किंवा ऑरेंज करेक्टर टिंबभर, त्यावर कन्सीलर टिंबभर, बोटाने थापून. जाड फुल कव्हरेज फाउंडेशन नको म्हणते त्याची दोन कारणं. एक तर त्याच्यावरून सनस्क्रीन परत लावलं की चट्टे पडतात, आणि दुसरं म्हणजे तिसऱ्या दिवशी तुमचा रंग एक-दीड शेडने गडद झालेला असतो, घरून आणलेला शेड मग चेहऱ्यावर राखाडी दिसतो. पातळ टिंट दोन्ही रंगांवर चालून जातो.

आणि फाउंडेशनमध्ये एसपीएफ 20 आहे म्हणून वेगळं सनस्क्रीन नको, हा हिशोब चुकीचा आहे. तेवढं संरक्षण मिळवायला फाउंडेशनही दोन बोटं भरून लावावं लागेल, आणि तसं कुणी लावत नाही. 50 वर 20 लावलं म्हणून 70 पण होत नाही.

प्राइमर, म्हणजे मेकअप नीट बसावा म्हणून आधी लावायचं क्रीम, घेताना एवढंच बघा की सनस्क्रीन आणि प्राइमर एकमेकांशी जमतात का. एक सिलिकॉनवालं आणि एक पाण्यावर आधारलेलं असेल तर कधीकधी चोळल्यावर मळासारखे बारीक गोळे निघतात. ट्यूबच्या मागच्या घटकांच्या यादीत डायमेथिकोन सुरुवातीलाच असेल तर ते सिलिकॉनवालं. खरं तर दोघांपैकी एकच ठेवायचं असेल तर प्राइमर घरी राहू दे.

कॉम्पॅक्ट पावडर दर तासाला फिरवायची सवय असेल तर ती इथे मोडा. ओल्या घामावर पावडर बसली की तिचा लेप होतो, रेघांमध्ये शिरतो. आधी टिश्यू किंवा ब्लॉटिंग पेपर दाबून घाम टिपायचा, पुसायचा नाही, मग हवीच तर नाक-कपाळावर थोडी लूज पावडर. संध्याकाळी फ्लॅशने फोटो काढणार असाल तर झिंक, टायटॅनियम किंवा सिलिका भरपूर असलेली पावडर टाळा, फोटोत चेहरा पिठाळ पांढरा येतो आणि मान वेगळी दिसते.

पाचवी स्टेप: डोळे

काजळाशिवाय अनेकींना चेहरा अपुरा वाटतो, मलाही वाटतो, त्यामुळे काजळ सोडा असं मी सांगणार नाही. पण कुठलं ते बघा. घरचं तुपा-एरंडेलातलं काजळ किंवा थंडाव्याचं म्हणून मिळतं ते तेलकट काजळ दमट हवेत अर्ध्या तासात गालावर येतं. जेल पेन्सिल किंवा वॉटरप्रूफ ट्विस्ट पेन्सिल घ्या, आणि खालच्या पापणीच्या आत भरण्यापेक्षा वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी रेघ द्या, डोळे तेवढेच उठून दिसतात आणि पसरायला जागा मिळत नाही.

निवडायची पद्धत सांगते, दुकानात टेस्टर असेल तर तिथे, नाहीतर घरी. हाताच्या आतल्या बाजूला तीन-चार पेन्सिलींच्या रेघा ओढा, दहा मिनिटं थांबा, हात हलवत राहा. मग वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ घालून त्यात बोट बुडवून रेघांवर दोनदा फिरवा. ज्या टिकल्या त्यांच्यावर आता सनस्क्रीनचं बोट फिरवा. इथे बऱ्याच वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या पेन्सिली हार मानतात, कारण त्या पाण्याला टिकतात पण तेलाला विरघळतात, आणि सनस्क्रीनमध्ये तेल असतंच. दोन्हीला पुरून उरेल ती तुमची.

मस्काराचंही हेच. साधा वॉटरप्रूफ मस्कारा सनस्क्रीनच्या तेलाने डोळ्याखाली काळा उतरतो. ट्यूबिंग मस्कारा म्हणून मिळतो तो प्रत्येक केसाभोवती पातळ नळी तयार करतो, तेल-घामाला दाद देत नाही, आणि रात्री कोमट पाणी लावून हलकं ओढलं की आपसूक निघतो. मला बीचसाठी हाच योग्य वाटतो. आयशॅडो पावडरचा नको, क्रीम स्टिक चालेल, तांबूस किंवा ब्रॉन्झ रंगाची, बोटाने लावून दोन मिनिटं वाळू द्यायची.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात जायचं नाही, इन्फेक्शनची खरी भीती असते.

सहावी स्टेप: गाल आणि ओठ

दोन्हीला एकच वस्तू, लिप अँड चीक टिंट. क्रीम ब्लशवर सनस्क्रीन थापता येतं, पावडर ब्लशवर नाही, तो ओला होऊन डाग पडतो. रंग थोडा गडद निवडा कारण दुपारच्या उजेडात सगळंच फिकं दिसतं. गव्हाळ रंगाला कोरल, वीटकरी, सावळ्या रंगाला बेरी, जांभळट, गडद गुलाबी फार सुंदर दिसतात. फिकट बेबी पिंक मात्र आपल्याकडच्या उन्हात खडूसारखा दिसतो. हायलायटरची गरज नाही, घामाची चमक भरपूर असते, आणि ग्लिटरवाला तर वाळूच लागल्यासारखा दिसतो.

लिक्विड मॅट लिपस्टिक बीचवर नको. खाऱ्या वाऱ्यात ओठ आधीच सुकतात, त्यावर मॅट लावली की भेगा पडतात. खाली टिंट, वर एसपीएफ 30 चा लिप बाम, आणि बाम मात्र सारखा लावायचा, जेवल्यावर तर नक्कीच. ओठांनाही ऊन भाजतं, खालच्या ओठाला जास्तच.

टिकली, परफ्यूम, मेंदी, लिंबू

ह्या गोष्टी मेकअपच्या गाईडमध्ये सहसा नसतात पण त्रास ह्यांनीच जास्त होतो, म्हणून लिहिते.

टिकलीच्या गोंदातल्या एका फिनॉलच्या प्रकाराने काहींच्या कपाळावर खाज येते आणि पुढे पांढरा डाग पडतो, हा डाग बऱ्याच उशिरा जातो किंवा जात नाही. घामात तीच टिकली दिवसभर ठेवू नका, जरा जरी खाजलं तरी काढा, पाण्यात जाताना तर काढाच. कपाळ मोकळं बघवत नसेल तर वॉटरप्रूफ आयलायनरने किंवा लाल लिप पेन्सिलने टिंब काढा, छान दिसतं.

परफ्यूम उघड्या स्किनवर मारून उन्हात जाऊ नका, विशेषतः बर्गामोटसारखं लिंबूवर्गीय काही असेल तर. मानेवर जिथे थेंब ओघळला तिथे तपकिरी पट्टा उमटतो. कपड्यांवर मारा. आणि ताज्या लिंबाचंही अगदी तसंच आहे: शॅकमध्ये बसून तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो, रस बोटांवरून मनगटापर्यंत येतो, तसेच उन्हात जातो, आणि एक-दोन दिवसांनी तिथे भाजल्यासारखी लाली किंवा फोड, आणि मग महिनाभर काळपट डाग. लिंबू पिळलं की साबणाने हात धुवा, फक्त टिश्यूने पुसून भागत नाही.

बीचवर काळ्या मेंदीचे टॅटू काढून देतात ते काढू नका. खरी मेंदी काळी नसते, त्या काळ्या रंगात बहुतेकदा हेअर डायमधलं पीपीडी असतं, त्याने टॅटूच्याच आकाराचे फोड येऊ शकतात. साधी मेंदी घरून काढून जा.

घरची परीक्षा

सगळं निवडून झालं की निघायच्या आधी एकदा पूर्ण लावून पोळ्या करा. गंमत नाही करत. गॅसमुळे पंखा बंद, समोर तवा, अर्धा तास घाम, कोकणातल्या दुपारच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा आपल्याच घरात आहे. पोळ्या झाल्या की खिडकीशी आरसा धरून बघा, नाकाच्या कडा, वरचा ओठ, डोळ्याखालचा भाग. जे सरकलं ते काढून टाका. मग तसंच सनस्क्रीन वरून लावून बघा. गोळे आले, चट्टे पडले तर अजून एक थर कमी करा.

पाण्यात उतरायचा दिवस

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग होतं तिथे मास्क कसा बसतो ते आधी समजून घ्या. मास्कची मऊ सिलिकॉनची कड कपाळ, कानशिलं, गाल आणि वरच्या ओठावर चिकटून बसते आणि त्याच्याच जोरावर पाणी बाहेर राहतं. तिथे क्रीम, प्राइमर, फाउंडेशन असलं तर कड सरकते, पाणी आत झिरपतं आणि विरघळलेलं सनस्क्रीन डोळ्यात जाऊन डोळे चुरचुरतात. म्हणून त्या दिवशी सनस्क्रीन वीस मिनिटं आधी लावायचं, पूर्ण मुरू द्यायचं, आणि मास्क घालायच्या आधी जिथे कड बसणार तिथे टिश्यूने टिपून घ्यायचं. डोळ्यांभोवती झिंकवाली स्टिक बरी, ती ओघळत नाही. मस्कारा, काजळ काही नको.

अंगावर पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टॉप घातला तर सनस्क्रीन खूप कमी लागतं, आणि हे तिथल्या प्रवाळासाठीही चांगलं. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पाण्याखाली जिवंत प्रवाळ आहे. हवाईमध्ये ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला 2021 पासून बंदी आहे ती प्रवाळाच्याच काळजीने. आपणही मागची यादी वाचून ही दोन नावं नसलेलं घेऊ शकतो.

टच-अप

दर दोन तासांनी, आणि पाण्यातून आल्यावर लगेच. खारं पाणी आणि वाळू असेल तर आधी साध्या पाण्याने चेहरा धुवा, म्हणून बाटली जवळ असू दे, वाळूवर क्रीम चोळलं तर स्क्रब होतो. मग टिपा. मेकअप असेल तर सनस्क्रीनचे ठिपके देऊन बोटांनी थापायचं, घासायचं नाही, किंवा स्टिक असेल तर प्रत्येक भागावरून तीन-चार वेळा फिरवायची, एकदा फिरवून काही होत नाही. स्प्रे थेट तोंडावर मारू नका, श्वासात जातो, आणि वारा असेल तर शेजारणीलाच लागतो. सेटिंग स्प्रेने मेकअप थोडा बसतो पण ते सनस्क्रीन नाही. संध्याकाळी डासांचं क्रीम लावायचं असेल आणि ऊन अजून असेल तर आधी सनस्क्रीन, मुरल्यावर ते.

पाऊच गाडीत डॅशबोर्डवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, लिपस्टिक वितळते आणि सनस्क्रीनही फाटतं. पाण्याच्या बाटलीबरोबर पिशवीत, टॉवेलात गुंडाळून.

रात्री

वॉटर रेझिस्टंट सनस्क्रीन नुसत्या फेसवॉशने निघत नाही. आधी क्लिन्झिंग बाम, काजळासाठी कापसावर खोबरेल तेल, मग फेसवॉश. पिंपल्सवाल्यांनी चेहऱ्याला खोबरेल टाळून मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप काढायचं पाण्यासारखं लिक्विड, घ्यावं. किनाऱ्यालगतच्या काही होमस्टेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ असतं, फेसच होत नाही, तिथे शेवटचा हात पिण्याच्या पाण्याने मारा. भाजलं असेल तर थंड पाण्याच्या घड्या आणि ॲलोवेरा जेल, थेट बर्फ नको, लिंबू-हळद-बेसन तर मुळीच नको. फोड आले, ताप-मळमळ वाटली तर डॉक्टरकडे.

घरी आल्यावर टॅन काढायला दुसऱ्याच दिवशी पार्लरला ब्लीच करायला जाऊ नका. स्किन सोलत असेल तर ते थांबेपर्यंत रेटिनॉल, स्क्रब सगळं बंद, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन चालू. टॅन उतरायला काही आठवडे लागतात, तोवर ऑफिसलाही तोच टिंट वापरा, जुना फाउंडेशनचा शेड जुळायला वेळ आहे. आणि ट्रिपवर वापरलेला ओला स्पंज धुऊन पूर्ण वाळला नसेल, वास येत असेल तर सरळ टाकून द्या.